नोकरी, दिवसभर बंद घर आणि वाटीला तोंड न लावणारा कोकटील

पाऊसवेडी | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. इथली जुनी वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्याकडे गुंड्या नावाचा कोकटील आहे, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालांवर लाली लावल्यासारखे नारिंगी ठिपके. वय साधारण दोन वर्षं. मार्चमध्ये ऑफिसातल्या मैत्रिणीची बंगळूरला बदली झाली आणि पिंजरा, वाट्या, अर्धा डबा दाणे आणि गुंड्या असं सगळं सामान आमच्या दारात येऊन पडलं. मी आणि नवरा दोघंही हिंजवडीला. सव्वाआठला घर सोडतो, वाहतुकीची कृपा झाली तर पावणेआठला परत. मधले साडेअकरा तास गुंड्या एकटा.

अधूनमधून वाटी घासूनपुसून काठोकाठ भरते. मिक्स दाणे आहेत: राळं, बाजरी, थोडी करडई, सूर्यफूल. रोज संध्याकाळी येऊन बघावं तर वाटी जवळजवळ भरलेलीच. तरी जीव राहत नाही म्हणून वरून चमचाभर घालते. आम्ही जेवायला बसलो की मात्र साहेब जाळीला लटकून घर डोक्यावर घेतात आणि पोळीचा तुकडा दिला की त्यावर तुटून पडतात. मला वाटायचं, एकट्याला घास जात नसेल. माणसांचंही तसंच असतं की.

काल नखं कापायला डॉक्टरांकडे नेलं. जूनमध्ये वजन ९२ ग्रॅम होतं, काल ८१ भरलं. डॉक्टरांनी पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब दिले आणि म्हणाले, लक्ष ठेवा. पण कधी ठेवू लक्ष? नोकरी करून पक्षी पाळणारे इथे बरेच जण आहेत, तुम्ही दिवसभराचं कसं जमवता? दुपारी कुणाला तरी किल्ली द्यावी का? की याला दुसरं घर शोधावं?

चिमणचारा | सोमवार, रात्री १०.२६

बाकी सगळं नंतर. आत्ता उठ, ती वाटी गॅलरीत ने आणि वरून हलकी फुंकर मार. मग इथे येऊन लिही.

पाऊसवेडी | सोमवार, रात्री १०.४३

ताई, मारली फुंकर. सगळी वाटी उडाली. गॅलरीच्या फरशीवर, वाळत घातलेल्या टॉवेलवर, माझ्या केसांत, जिकडेतिकडे फोलपटं. तळाशी उरलं ते मोजलं: बाजरीचे सात दाणे, एक करडई आणि एक मुंगी.

म्हणजे मी संध्याकाळी जो चमचाभर घालत होते, तेवढ्यावरच तो दिवस काढत होता.

आत्ता मंद दिवा लावून ताजे दाणे दिले तर झोपेतून उठून खातोय. टकटक आवाज हॉलपर्यंत येतोय. नवरा गप्प बसलाय आणि मी काय बोलू?

सहज_सुचलं | सोमवार, रात्री १०.५०

बापरे. आमच्या बजींची (बजरीगार, छोटे रंगीत पोपट) वाटी बघून आले. निम्मी फोलपटंच.

चिमणचारा | सोमवार, रात्री ११.२०

पाऊसवेडी, रडत बसू नकोस. माझ्या पहिल्या बजीच्या वेळी मी हेच केलंय, आणि मी तर तेव्हा घरीच असायचे. पोपटाच्या जातीचे पक्षी दाणा चोचीत फिरवून वरचं साल सोडतात आणि आतला गर खातात. साल पडतं परत वाटीतच. पाच फुटांवरून बघणाऱ्याला वाटी भरलेलीच दिसते. कबुतराचं तसं नसतं, ते अख्खा दाणा गिळतं. म्हणूनच त्याला पोटात दळायला बारीक खडे लागतात. कोकटीलला ते लागत नाहीत, तेव्हा दुकानदार ‘ग्रिट’ची पुडी गळ्यात मारायला लागला तर हात जोड.

आता उद्यापासूनचं. वरून घालणं कायमचं बंद. रोज सकाळी वाटी पूर्ण रिकामी करायची, धुवायची, कोरडी करायची आणि मोजून भरायची. ह्या आकाराच्या पक्ष्याला दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दहाएक टक्के कोरडं खाणं लागतं, म्हणजे गुंड्याला नऊ-दहा ग्रॅम. सध्या तो उपाशी आहे, तेव्हा हात सैल सोड, पंधरा दे. संध्याकाळी फुंकर मारून उरलेलं मोज. चार दिवसांत तुला त्याची भूक तोंडपाठ होईल.

ग्रॅममध्ये मोजणारा किचनचा काटा घे. रोज सकाळी पहिली शी झाल्यावर, खाण्याआधी वजन करायचं आणि फ्रीजवर कागद लावून लिहायचं. पक्षी आजार लपवतो. रानात जो आजारी दिसतो त्याला शिकरा आधी उचलतो, तेव्हा ही सवय हाडीमासी आहे. आपल्याला कळतं तेव्हा तो पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसलेला असतो आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. काटा मात्र खोटं बोलत नाही. दहा टक्क्यांच्या वर वजन उतरलं की डॉक्टर गाठायचाच, आणि तुझं तर बारा टक्के उतरलंय. कारण सापडलं असं वाटत असलं तरी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे एकदा ने आणि विष्ठा तपासून घे. जंतांमुळेही वजन उतरतं. कुत्र्यामांजरांचे उत्तम डॉक्टर पक्ष्यांच्या बाबतीत उत्तम असतीलच असं नाही.

ते थेंब पाण्यात टाकू नकोस. पाण्याला वास येतो, पक्षी कमी पितो, आणि आपल्याकडच्या उकाड्यात त्या पाण्यात दुपारपर्यंत जंतूंची जत्रा भरते. जीवनसत्त्वं भाजीतून जाऊ देत.

किल्लेदार | मंगळवार, सकाळी ९.०५

ऑटोमॅटिक फीडर घेऊन टाका, विषय संपला. मी स्वतः बनवलाय. छोटी मोटर, टायमर, दर सहा तासांनी ठरावीक दाणे वाटीत. मोबाइलवर कॅमेराही आहे.

चिमणचारा | मंगळवार, सकाळी ९.३१

किल्लेदार, तुमचा फीडर दाणे टाकतो. फोलपटं कोण काढतं?

किल्लेदार | मंगळवार, सकाळी ९.४०

…

किल्लेदार | मंगळवार, दुपारी १.१५

आत्ता कॅमेऱ्यातून नीट बघितलं. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

अण्णा_मालवणकर | मंगळवार, दुपारी ३.५०

आमच्या लहानपणी घरी मिठू होता. वीस वर्षं जगला. चण्याची डाळ, पेरू, हिरवी मिरची आणि आमच्या आईच्या हातची दूधपोळी. ना काटा, ना डॉक्टर. हल्लीच्या पिढीने सगळ्याचं अवडंबर केलंय असं आपलं माझं मत.

रानभूल | मंगळवार, दुपारी ४.३०

अण्णा, मान राखून सांगते. ते मिठू म्हणजे आपले रानातले पोपट. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पाळणं हा गुन्हा आहे. वाचून कुणाला हुरूप येऊ नये म्हणून लिहिलं, बाकी काही नाही. कोकटील आणि बजी मूळचे ऑस्ट्रेलियातले, लव्हबर्ड आफ्रिकेतले. ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले आहेत.

मिरचीचं मात्र शंभर टक्के बरोबर. तिखट लागण्यासाठी शरीरात जो ग्राहक (रिसेप्टर) लागतो, तो पक्ष्यांचा तिखटाला दादच देत नाही. लवंगी मिरची ते आपल्या काकडीसारखी खातात, आणि मिरचीत अ जीवनसत्त्व भरपूर. दूधपोळी मात्र नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही.

अण्णा_मालवणकर | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

कायद्याचं मान्य. मिरचीचं मान्य केल्याबद्दल आभार. एक भर घालतो. आमच्याकडे किनाऱ्यावर समुद्रफेस सापडतो, माकूलचं (कटलफिशचं) पाठीचं हाड. तेच शहरात दुकानदार क्लिप लावून विकतात. गोड्या पाण्यात दोनतीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, उन्हात खडखडीत वाळवून पिंजऱ्याला बांधा. कॅल्शियम मिळतं आणि चोचही घासली जाते. मिठूला तेही होतं, हे लिहायचं राहिलं.

तिसरी_घंटा | मंगळवार, रात्री ८.२२

दुपारी कुणाला तरी किल्ली द्यावी का, या प्रश्नावर अनुभवाचे बोल. आमच्याकडे दिवसभर आई घरी असते. आमची लव्हबर्ड तिच्या खांद्यावर. शेव, मारी बिस्किट, चहात बुडवलेलं टोस्ट, वरणभात, ‘एवढंसं तर खाते गं’. ते एवढंसं चाळीसपन्नास ग्रॅमच्या जिवाला किती होतं, याचा हिशोब कुणी करत नाही. मीठ आणि तेल खाऊन पक्षी सुस्त, आणि मी ऑफिसातून येऊन दिलेल्या भाजीकडे ढुंकून बघत नव्हती. आईला रागावून उपयोग शून्य. शेवटी एका डबीत रोजचा खाऊ वेगळा काढून ठेवायला लागले: डाळिंबाचे चार दाणे, मटाराचे दोन, राळ्याच्या कणसाचा बोटभर तुकडा. ‘आई, तुझ्या हातून हे द्यायचं, दुसरं काही नाही.’ देण्याचा आनंद तिचा तिला राहिला. आता तीच पाहुण्यांना दटावते.

घरी माणूस आहे म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका, एवढंच.

पहाटवारा | मंगळवार, रात्री ९.०५

धागाकर्तीचा जीव ज्या साडेअकरा तासांत अडकलाय, त्याबद्दल थोडं. मी गेली काही वर्षं रविवारी सकाळी पक्षी बघत हिंडतो. आपल्याच आवारातले पोपट बघा. उजाडल्यावर तासदोन तास खाण्याची झुंबड, दुपारी पानांत गुडूप, आणि ऊन कललं की पुन्हा खाणं. दुपारी कुणी चरत बसत नाही. म्हणजे निघण्याआधीचा तास आणि आल्यावरचा पहिला तास हे तुमचे दोन हक्काचे पंगतीचे वेळ. नोकरदाराला यापेक्षा सोयीचा पाहुणा मिळणार नाही. मध्ये कोरडे दाणे आणि पाणी असलं की झालं.

तो तुमच्या जेवणाच्या वेळी आरडाओरडा करतो, कारण थवा चरायला बसलाय आणि त्याला पंगतीला घेतलेलं नाही. पिंजरा टेबलाशी आणा, त्याची वाटी त्याच वेळी द्या. नवीन भाजी खायला शिकवायचा मला माहीत असलेला एकच खात्रीचा उपाय आहे: आधी त्याच्यासमोर आपण ती मिटक्या मारत खायची. कच्ची मेथी मिटक्या मारत खाणं अवघड आहे, कल्पना आहे.

घोळ होतो तो रात्री. आपण आठला येतो, साडेअकरापर्यंत दिवे, टीव्ही, गप्पा. पक्ष्याला दहाबारा तास अंधार आणि शांतता लागते. मादी असेल तर लांबलेला उजेड आणि भरपेट खाणं म्हणजे तिला वाटतं अंडी घालायचा हंगाम आला, आणि नराशिवायही ती अंड्यांवर अंडी घालत सुटते. अंगातलं कॅल्शियम उपसलं जातं. अंडं अडकलं तर जिवावर बेततं. पाऊसवेडी, गुंड्याला साडेआठनवाला झोपवा, वाईट वाटलं तरी. फक्त मिट्ट काळोख नको. कोकटील अंधारात दचकून फडफडतात आणि पंख फोडून घेतात. झिरोचा दिवा असू द्या.

किल्लेदार | मंगळवार, रात्री १०.३८

कबुली देतो. फीडरखालच्या वाटीत दोन इंच फोलपटं होती आणि वरचा दाणा त्यावरून घसरून पिंजऱ्याबाहेर पडत होता. शिवाय पावसाळी हवेने नळीत दाणे चिकटून गोळा झालाय, बुरशीचा वास येतोय. कॅमेरा दाखवत होता ‘दाणे टाकले’. टाकले होतेच, जमिनीवर. आमचे बजी शेजारच्या पिंजऱ्यातल्या जोडीच्या वाटीत जाळीतून चोच घालून भागवत होते. मशीन काढून टाकलं. मोटर कुणाला हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सहज_सुचलं | मंगळवार, रात्री १०.५५

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर: दाणे फार भरून ठेवू नका. पंधरा दिवसांचे आणा. मी आणल्याबरोबर दोन दिवस फ्रीजरमध्ये टाकते, म्हणजे जाळी धरत नाही, टोके होत नाहीत. शेंगदाणे तर देतच नाही, त्यातली बुरशी डोळ्यांना दिसत नाही आणि यकृताला बाधते.

आणि मुंग्या! पिंजऱ्याच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, आपली आजी दुधाचं पातेलं परातीत ठेवायची तसं. मुंग्यांचा खडू पिंजऱ्याच्या आसपाससुद्धा नको, ते कीटकनाशक असतं.

झुरिकचा_झब्बू | बुधवार, पहाटे २.१४

इकडचा एक मुद्दा. स्वित्झर्लंडमध्ये २००८च्या प्राणीसंरक्षण नियमांनुसार पोपट, बजी, कोकटील यांना एकट्याने ठेवताच येत नाही, जातीचा सोबती हवाच. आम्ही आलो तेव्हा ‘काय हा जाच’ वाटलं होतं. आता दोघं बघतो. मी ऑफिसातून उशिरा आलो तरी माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत, एकमेकांची डोकी खाजवत बसलेले असतात. जरा अपमानच होतो. पण खाण्याची काळजी मिटली, एक वाटीवर बसला की दुसरा मागोमाग.

चिमणचारा | बुधवार, सकाळी ८.१०

झब्बू म्हणतात ते खरं, पण पाऊसवेडी, गुंड्याचं वजन जागेवर येईपर्यंत दुसरा आणू नकोस. दोघं असले की कुणी किती खाल्लं ते कळत नाही. आणि आणशील तेव्हा आधी महिनाभर वेगळ्या खोलीत.

नवा_भिडू | बुधवार, सकाळी ११.४५

चांगला धागा, म्हणून इथेच विचारतो. मीही नोकरी करतो. दुकानदार म्हणतो, तीन आठवड्यांचं पिल्लू घ्या, हाताने भरवलं की माणसाळतं. दिवसातून दोनदा भरवलं तर चालतं म्हणे. घेऊ का?

चिमणचारा | बुधवार, सकाळी ११.५२

नको.

रानभूल | बुधवार, दुपारी १२.३०

ताईंनी एका शब्दात सांगितलं, मी जरा विस्कटून सांगते. तीन आठवड्यांच्या कोकटीलला दर चारपाच तासांनी भरवावं लागतं. भरवायची पेज ३९ ते ४१ अंश हवी. त्याहून थंड असली की गळ्याखालच्या पिशवीत अन्न तुंबून आंबतं, गरम असली की पिशवी आतून भाजते. बोट बुडवून ‘कोमट आहे’ म्हणणं चालत नाही, थर्मामीटर लागतो. माझ्या एका सहकाऱ्याने असंच पिल्लू आणलं होतं. चपलांच्या खोक्यातून ऑफिसात आणायचा आणि पँट्रीत भरवायचा. नवव्या दिवशी खोकं आणलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आठदहा आठवड्यांचा, स्वतः खाणारा पक्षी घ्या. माणसाळतो, थोडा धीर धरा.

पाऊसवेडी | शनिवार, दुपारी १२.१७

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय. गुरुवारी सुट्टी टाकून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे गेलो. विष्ठा स्वच्छ, जंत नाहीत, निव्वळ उपासमार. डॉक्टरांनी हा शब्द वापरला नाही, मीच वापरतेय.

आता आमचं असं चाललंय. रविवारी भाजी चिरून ठेवायची: गाजर, लाल भोपळा, मेथी, शेवग्याचा पाला, ढोबळी मिरची, त्यात मोड आलेले मूग आणि शिजवलेला राजगिरा, मीठ अजिबात नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला. रोज रात्री एक वडी खालच्या कप्प्यात उतरवायची. सकाळी पावणेसातला गुंड्याला ओली वाटी, आम्हाला पोहे. आठला ओली वाटी उचलायची, कारण दिवसभर ठेवली तर आंबते. मग कोरडे दाणे, मोजून. संध्याकाळी आल्यावर फुंकर, मोजदाद, थोडं ओलं, साडेआठला पडदा.

भाजी पहिले तीन दिवस जाळीवर फेकून मारली. काल मात्र मेथीची काडी एका पायात धरून, दुसऱ्या पायावर उभं राहून, पानं सोडून फक्त देठ चावत होता. पानं खाली. आमचे सासरे पालेभाजी अशीच खातात.

वजन: मंगळवार ८१, बुधवार ८२, गुरुवार ८२, शुक्रवार ८४, आज ८४.

तिसरी_घंटा | शनिवार, दुपारी १.०२

वा! दिवसा करमणुकीला थोडे दाणे पळसाच्या पानांच्या द्रोणात घालून, वरून दुसरा द्रोण उपडा ठेवून देऊन बघ. फाडून दाणे शोधण्यात आमचीचे दोन तास जातात. प्लास्टिकचा मुलामा दिलेले चकचकीत द्रोण नकोत, साधे. आणि सुतळीने बांधू नकोस, धागे पायात अडकतात.

किल्लेदार | शनिवार, दुपारी ४.४०

पेलेटवर (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) कुणीच बोललं नाही? फक्त दाणे म्हणजे रोज फरसाण, असं वाचलंय.

चिमणचारा | शनिवार, संध्याकाळी ५.१५

बरोबर वाचलंय. नुसत्या दाण्यांवर, त्यातही सूर्यफुलावर ठेवलेल्या पक्ष्याच्या यकृतावर चरबी चढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. पेलेटला फोलपट नसतं, तेव्हा नोकरदारांना ते दोन्ही बाजूंनी सोयीचं. पण बदल आठवड्यांच्या हिशोबाने करायचा. ‘भूक लागली की खाईल’ हे कुत्र्याला चालेल. कोकटीलला पेलेट हे अन्न आहे हे कळलंच नाही, तर तो त्यासमोर उपाशी बसेल. गुंड्याचं वजन आधी नव्वदीत येऊ दे, मग बघू.

जाता जाता, नॉनस्टिक तवा कोरडा तापत ठेवू नका, त्याच्या धुराने पक्षी मिनिटांत जातो. सकाळच्या घाईत हे होतं. मच्छर कॉइल, धूप, अगरबत्तीही त्याच्या खोलीत नको. ॲव्होकाडो, चॉकलेट, कांदा, लसूण बंद.

पाऊसवेडी | पुढचा रविवार, सकाळी ७.२०

चिमणचारा ताई!!! आज १२६ ग्रॅम!!! एका रात्रीत!

चिमणचारा | रविवार, सकाळी ७.२४

कशावर उभा केलास?

पाऊसवेडी | रविवार, सकाळी ७.२६

काट्यावर पाय ठेवत नाही, म्हणून आजपासून डब्याचं झाकण उपडं ठेवलंय. त्यावर टुणकन बसतो.

चिमणचारा | रविवार, सकाळी ७.२७

आणि झाकणाचं वजन?

पाऊसवेडी | रविवार, सकाळी ७.३१

३७.

८९ मग.